ज्याच्या पायाशी मेला, त्यानंच उठवाचं

आमच्या गावात दंडारीमंदी जो मरे, त्याले उठवा लागे.

आता कोनाले सांगतलं तं हासतात. तवा कोनी हासत नव्हतं. धान कापून, चुरून घरात आलं का गावच्या आखरावर दंडार होये. आखर म्हंजे सकाळी चराले जाच्या आधी ढोरं गोळा होतात ते मैदान. तिथी गावचीच मानसं सोंगं घेत, बाईचं सोंगबी मानूसच घे, अन् गानं-नाचनं पार दिस निंगेवरी चाले. शेवटचा खेळ ठरलेला राये. एक भक्त रायते, महादेवाच्या पूजेशिवाय पानी न पेनारा. त्याचं एकुलतं लेकरू मरते. तो लेकराले उचलून महादेवापुढं आनते अन् भांडते. म्हनते, देवा, मी काय चुकलो, बोल ना. महादेव पाटावर बसून रायते, तोंडाले निळ, आंगाले राख. एक शब्द बोलत नाई. भक्त भांडून भांडून थकते अन् त्याच्या पायाशी पडून मरते. झाला खेळ.

खेळात देव उठवत नाई. खेळ झाल्यावर उठवते. महादेवाचं सोंग घेतलेला मानूस पाटावरून उतरे, लोट्यातलं पानी मेलेल्याच्या तोंडावर मारे, त्याचं घरचं नाव घेऊन म्हने, "उठ." मंग तो उठे. दोघं संगं तलावावर जाऊन तोंड धूत. तवा मानसं जागेवरून हालत. ज्याच्या पायाशी मेला, त्यानंच उठवाचं. दुसऱ्यानं उठवलेलं चालत नव्हतं. काऊन, ते कोनी विचारलं नाई.

भक्ताचं काम आमच्या मालकाकडं, म्हंजे माह्या नवऱ्याकडं होतं. सासऱ्यापासून आलतं. मालक लई देवाचे. सावनातले सोमवार नुसत्या पान्यावर काढेत. दंडार जवळ आली का पायात वाहन घालत नव्हते, खाटेवर निजत नव्हते, मासोळीले शिवत नव्हते. घरात भितीतल्या देवळीमंदी मुठीएवढा काळा गोटा होता, तोच आमचा महादेव. त्याच्यापुढं मोहाच्या बियाच्या तेलाचा दिवा. तालमीले जातानी त्याच्यापुढं वाकून म्हनेत, "देवा, गळा दे. बाकी काई मागत नाई."

आमाले एक पोरगं झालं होतं. नुकतंच बोलाले लागलं होतं. हिवतापानं गेलं. पावसाळ्याचे दिवस, नाल्याले पूर, अन् दवाखाना नाल्याच्या पल्याड. मालक त्याले खांद्यावर घेऊन काठावर उभे राह्यले, पानी उतरीन म्हनून. पानी उतरलं नाई. पोरगं खांद्यावरच गेलं. मी रडली नाई. धानाचा रोवना चालू होता, दुसऱ्या दिवशी बांधीतल्या चिखलात उतरली. बाया मांगं बोलत, हिचं काळीज गोट्याचं आहे. मले रडू येत नव्हतं तं काय करू.

त्या साली मालकानं भक्ताचं काम केलं तवा त्यायले सोंगाची गरज नव्हती. मानसं रडली, बाया रडल्या. मी बायांतच बसून होती. मालक गाता गाता माह्याकडं पाहेत. मी डोळे पुसाले पदरबी नाई उचलला. घरी आल्यावर म्हनले, "कसं झालं?" म्या म्हटलं, "चांगलं झालं."

असेच काई साल गेले. मंग त्यायचा आवाज फाटाले लागला. बिडी नाई, दारू नाई, तरी. वरच्या सुरात गेले का मडकं फुटल्यासारखा आवाज ये. पेटी वाजवनारा म्हातारा दंडारीचा मुख्य होता, तोंडानं मोठा फाटका. तालमीत म्हने, "काय गा, सूर अजून खाली घेऊ का? आता घेतला तं जमिनीत जाईन." पोट्टे हासत. मालक हासत नव्हते.

खालच्या टोलीत, ढिवरायच्या वस्तीत, एक ढिवर होता. बिनलग्नाचा, बुढ्या मायसंग राये, तलावात मासे मारे. मोहाची पेये. देवळाच्या पायरीवर कधी चढला नाई. दंडारीत तो झांजा वाजवे, अन् तालमीलेबी मासोळ्याची टोपली संगं घेऊन ये. पेटीवाला म्हने, "ठेव ते टोपलं दूर, बे. महादेव तुह्या वासानंच निळा पडला."

"वासानं नाई, म्हातारबा," ढिवर म्हने, "तुमची पेटी आयकून पडला."

एक दिवस तालमीत मालकाचा आवाज मधातच बंद पडला. पेटीवाल्यानं हात दाखवून ढिवराले म्हटलं, तू म्हनून पाय, तेवढीच तालीम होईन. तो फाटलं जाळं सांधत बसला होता. जाळ्यातून हात न काढता, मान खाली घालून त्यानं भक्ताचं भांडन म्हटलं. मी चहाचा गंज घेऊन आलती, दारातच उभी राह्यली. पेटीचा भाता उघडा तो उघडाच राह्यला. आंगनात कोंबड्या चरत होत्या, त्या पाय उचलून तशाच उभ्या. गानं झालं तं तो म्हने, "चहा थंडा होऊन राह्यला ना, वैनी."

काम त्याले गेलं. पेटीवाला मालकाले म्हने, "तुमी जुने मानूस. तुमी आता देव व्हा. देवाले गानंबी नाई, बोलनंबी नाई. नुसतं बसाचं."

मालक म्हनले, "बरं."

घरी आले, देवळीपुढं बसले. मी सुपात तांदूळ निवडत होती. ते गोट्यासंग बोलून राह्यले होते, शेजाऱ्यासंग बोलते तसं, हळू. "उपास म्या केले. लेकरू तू माहं नेलं. दुःख मले देल्लं अन् गळा त्याले देल्ला. त्यानं कोनतं लेकरू खांद्यावर नेलं होतं? त्याले काय माईत?" मंग म्हनले, "बोल ना." मी सूप घोळत राह्यली.

दंडार झाली त्या सकाळी धुकं होतं. तलावाकडून येई अन् जमिनीलागून पसरे, म्हनून मालक पाटावर बसले होते ते धुक्यावर बसल्यासारखे दिसत. तोंड निळं, डोळे तेवढे पांढरे. तांबडं फुटत होतं. आमी बाया धानाच्या तनसीवर बसलो होतो. ढिवरानं कापडाचं लेकरू हातात घेतलं अन् गाऊ लागला.

मले सांगता येत नाई. माह्या कानात नाल्याच्या पुराचा आवाज आला. खरोखरचा आला. पोराच्या तोंडाचा वास आला, तापाचा. अन् माह्या तोंडातून कायतरी निंगालं, मी काढलं नाई, आपोआप निंगालं. बाजूची बाई मले धरून म्हने, "व्हय बाई, रड." मी जमिनीवर हात आपटून रडली. इतक्या वर्षाचं.

डोळे पुसून पाह्यलं तं पाटावरून महादेव माह्याकडं पाहून राह्यला होता.

ढिवर पायाशी पडला. मेला. ढोलक थांबलं. लोटा भरून ठेवला होता. सारे वाट पाहून राह्यले. मालक बसलेच. धुकं पातळ झालं, झाडं दिसाले लागली, तरी बसलेच. पेटीवाला हळूच म्हने, "उठवा ना, दादा." कोनी खोकललं. मंग मालक उतरले. लोट्याकडं पाह्यलंबी नाई. ढिवराच्या आंगावरून पाय टाकून, निळ्या तोंडानं, सरळ घराकडं चालाले लागले.

कोनीच उठलं नाई. ऊन त्याच्या तोंडावर आलं तवा ढिवरानं एक डोळा उघडला, मंग दुसरा. उठून बसला अन् हासला. "अबे, मी जित्ता आहो ना! कोनी पानी तं द्या." कोनी देल्लं नाई. बायायनं तोंडावर पदर घेतला. तो एकेकाकडं पाहत गेला, अन् त्याचं हासू तोंडावरच वाळलं.

मी घरी गेली तं मालक देवळीपुढं उभे. तोंडाची निळ तशीच.

"काऊन नाई उठवलं?"

"इसरलो."

त्यायनं गोटा उचलला, धानाच्या ढोलीचं झाकन काढलं अन् आत, धानात टाकला. म्हनले, "बस आता अंधारात." दिवा लागला नाई त्या दिवसापासून.

ढिवराची माय म्हातारी, डोळ्यानं अधू. त्या दिवशी तिनं त्याले दारातून आत येऊ देल्लं नाई. माय होती, तरी. म्हने, "तुले उठवलं कोनी? नाई ना. मंग थांब, बापा." तो तलावाच्या पाळीवर राहू लागला. ती पत्रावळीवर भात वाढे, पाळीच्या खाली ठेवे अन् मांगं न पाहता परत ये. मेलेल्याले ठेवतात तसं. तो जेवे. त्याचा कुत्रा होता, पिवळा, जाळ्याजवळ निजनारा. तो कुत्रा दूर बसे, त्याच्याकडं तोंड करून, जवळ येत नव्हता. भुकतबी नव्हता. मानसं म्हनत, ढिवर जाळं टाकते तं पानी हालत नाई. मी पाह्यलं नाई, म्हनून खरं सांगत नाई. पन त्याच्या टोपलीत मासोळी दिसली नाई मले त्या हिवाळ्यात.

एक दिवस दुपारी ती म्हातारी काठी टेकत आमच्या आंगनात आली. मालक दोर वळत होते. ती खालीच बसली.

"बाई," ती मले म्हने, मालकाले नाई, "तुह्या मालकाले विचार, माहं पोरगं अर्धं काऊन ठेवलं. मारलं असतं तं जाळून मोकळी झाली असती. जित्तं ठेवलं असतं तं भात वाढला असता. हे काय ठेवलं?"

मालकाचे हात दोरावर थांबले.

"देवाले विचार म्हनाव तिले," ते म्हनले.

"देव तूच होता ना रे त्या दिवशी," म्हातारी म्हने, अन् काठी घेऊन उठली.

चैत आला. मोहफुलं पडाले लागली. मी पहाटेच टोपली घेऊन जंगलात जाये. आमच्या मोहाखाली त्या दिवशी ढिवर बसला होता, झाडाले पाठ लावून. फुलं टप टप त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडून राह्यली होती, तो झटकत नव्हता. मी भ्याली. पन फुलं येचाचीच होती, म्हनून येचाले लागली.

"वैनी," तो म्हने, "मले थंडी वाजते."

चैतात. माह्या पाठीवरून घाम वाहून राह्यला होता.

"दादाले सांगा, माहा राग नाई. मी काई मुद्दाम चांगलं नाई गायलो. मले तं समजतबी नाई मी काय गातो. तोंड उघडलं का येते." मंग म्हने, "पन मी अजून तिथीच पडून आहो, वैनी. इथी बसून आहो अन् तिथीबी पडून आहो. माह्या पाठीले आखराचे गोटे टोचतात."

मी त्याच्याजवळची फुलं नाई येचली. आंगावरची तं नाईच. टोपली अर्धीच घेऊन घरी आली.

मालक आंगनात होते. आमच्यात मी कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशीबी मोठ्यानं नाई बोलली. म्या म्हटलं, "तुमी माह्यामुळं नाई उठवलं त्याले."

त्यायनं तोंड फिरवलं.

"मी त्याच्यावर नाई रडली. आपल्या पोरावर रडली."

"माह्यावर कधी नाई रडली," मालक म्हनले. आवाज असा का मडक्यातून आला. "पोरगं माह्याच खांद्यावर गेलं. म्या तेच गायलं. तेच, साल दर साल. तू नुसती पाहत राये."

"तुमी गायेत तवा तुमीच रडेत," म्या म्हटलं. "सारं रडनं तुमीच घेऊन टाकेत. मले जागाच राहत नव्हती. त्याले काई माईत नाई, म्हनून त्याच्यात जागा होती."

हे मले आधी माईत नव्हतं. बोलली तवा समजलं. मालकानं माह्याकडं पाह्यलं, मंग टोपलीकडं, मंग उठून गेले. रातच्याले जेवले नाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन असं का पाखरूबी उडत नव्हतं, मालक म्हनले, "घरात निळ आहे का?"

धोतराले देतात ती निळ होती. म्या वाटीत कालवून देल्ली. त्यायनं तोंडाले लावली, आंगाले चुलीतली राख फासली, पाट खाकेत धरला. म्या लोटा भरून घेतला. आमी गावातून चाललो. दारं बंद होती उन्हानं, पन फटीतून डोळे दिसत होते.

आखरावर गेलो तं ढिवर तिथी पडून होता. त्याच जागी, तसाच, एक हात डोक्याखाली दबलेला. त्याले कोनी बोलावलं नव्हतं. म्या नाई, मालकानं नाई. पिवळा कुत्रा दूर पळसाच्या सावलीत बसून होता.

मालकानं पाट मांडला, बसले. म्या लोटा ठेवला, बाजूले झाली. मले वाटलं आता उतरतील. पन खाली पडल्या पडल्या, डोळे न उघडता ढिवर बोलाले लागला. गानं नाई म्हटलं त्यानं. ढोलक नाई, पेटी नाई. भक्ताचेच बोल होते, पन नुसते बोलला, तोंडातल्या तोंडात. देवा, मी काय चुकलो. बोल ना.

अन् थांबला. खेळात तो थांबत नव्हता, खेळात पुढचं कडवं ये. इथी थांबला, अन् वाट पाहाले लागला.

मालकाचं तोंड उघडलं. निळं तोंड, आत लाल. ओठ हालले, शब्द निंगाला नाई. वारं नव्हतं तरी पळसाची वाळली पानं खरखरली. किती येळ गेला माईत नाई, माह्या पायाखालची सावली सरकली होती. मालकाच्या डोळ्यातून पानी आलं तं निळीत दोन पांढऱ्या रेघा उमटल्या.

मंग ते उतरले. गुडघे टेकले. लोट्यातलं पानी त्याच्या तोंडावर मारलं, त्याच्या मायनं ठेवलेलं नाव घेतलं, म्हनले, "उठ रे. उठ, बाप्पा."

ढिवर उठला. पाठीकडं हात नेऊन त्यानं एक गोटा झटकला. मालकाकडं पाह्यलं नाई. दोघं तलावाकडं चालाले लागले, एक पुढं, एक मांगं, अन् कुत्रा उठून त्यायच्या मांगं गेला. संध्याकाळी टोलीतून म्हातारीचा आवाज आला, "हात धू पयले, घानेऱ्या!" बाया दारात येऊन आयकत होत्या.

मालक घरी आले. कानामांगं निळ राह्यली होती. ढोलीत हात घालून त्यायनं गोटा शोधला, धोतरानं धूळ पुसली, देवळीत ठेवला. दिवा लावला. हात जोडले नाई. समोर बसले.

"तो मले विचारून राह्यला होता," ते म्हनले, "काऊन नाई उठवलं म्हनून. तसंच विचारलं ना त्यानं?"

"व्हय."

"माह्याजवळ सांगाले काईच नव्हतं. खरंच काई नव्हतं." दिव्याकडं पाहत राह्यले. मंग गोट्याकडं मान करून म्हनले, "त्याच्याजवळबी नसन."

मी भात वाढला. जेवले ते.

ढिवर मासे मारू लागला, जाळ्यात मासोळी येऊ लागली. पन गायला नाई पुन्हा. पेटीवाल्यानं हात जोडले तरी नाई. मले एकडाव बाजारात भेटला तं म्हने, "वैनी, उठतानी ते तिथीच राह्यलं." मालकाले भक्ताचं काम परत देत होते, त्यायनंबी घेतलं नाई. पुढच्या साली गावानं बाहेरची पार्टी बोलावली, पडदे लावून नाटक करनारी, खऱ्या बाया असलेली. दंडार तिथीच संपली.

मालक मात्र सकाळी आखरावर जात. ढोरं सोडाच्या येळेले. जित्ते होते तवरी गेले. मी विचारे, "काय करता तिथी?" म्हनेत, "काई नाई. बसतो."

एक दिवस मी मांगून गेली. धुकं होतं. ढोरं गोळा झालती, पन एकबी चरत नव्हतं, शेपूट हालवत नव्हतं. सारी मान वर करून, कान ताठ करून, पाटाच्या त्या जागेकडं पाहून राह्यली होती. मालक त्यायच्यातच उभे होते, डोळे मिटून.

मले काई आयकू आलं नाई. घरी येऊन पाह्यलं तं पदर ओला होता. दव असन.